बुफे आर-१३ : ४४० घ्यावी की ४४२?

बुफे क्राम्पाँ या फ्रेंच कंपनीची आर-१३ ही बी फ्लॅट क्लॅरिनेट घ्यायची म्हणजे लाखांचा खर्च. एवढे पैसे मोजणारा माणूस लाकूड निरखतो, किल्ल्यांवर मुलामा चांदीचा आहे की निकेलचा ते विचारतो, दोन-चार ताना मारून बघतो. पण कॅटलॉगात मॉडेलच्या नावापुढे छापलेला ४४० किंवा ४४२ हा आकडा (ए हा सूर, म्हणजे पांढरी सहा, सेकंदाला किती कंपनांचा धरून वाद्य घडवलंय ते सांगणारा) विचारायचा मात्र बहुतेकदा राहून जातो. महाराष्ट्रात, पंख्याखाली बसून, हार्मोनियम नाहीतर कीबोर्डाच्या साथीनं वाजवायची असेल तर तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. निर्णय आधीच सांगून टाकतो : ४४० घ्या, आणि सोबत ६६ मिलिमीटरचं बॅरल (माउथपीस आणि नळी यांच्यामधला आखूड तुकडा) आहे याची खात्री करून घ्या. ४४२ फक्त त्यांनी घ्यावी, ज्यांना परदेशी ऑर्केस्ट्रात किंवा तिथल्या संगीतशाळेत वाजवायचं आहे.

कारण साधं आहे. तंबोऱ्याला खुंटी असते, मणी असतो. तबल्याला हातोडी लागते. क्लॅरिनेटला यातलं काहीच नाही. कुठलं छिद्र कुठे पाडायचं हे कारखान्यात ठरतं आणि ते जन्मभर तसंच राहतं. बॅरल थोडं बाहेर ओढून आपण जे करतो त्याला ‘सुरात लावणं’ म्हणायची सवय असली, तरी त्यानं एखादा सूर जुळतो, बाकीचे एकमेकांपासून थोडे थोडे सुटत जातात.

किती सुटतात ते मोजता येतं. क्लॅरिनेटवर सगळी बोटं उघडी ठेवली की तिच्या स्वरलिपीत जी म्हणून लिहिलेला सूर वाजतो, प्रत्यक्षात हार्मोनियमची पांढरी चार. त्या वेळी नळीतली बोलणारी हवा साधारण २४५ मिलिमीटर लांब असते. सगळी छिद्रं बंद करून सर्वांत खालचा ई वाजवला तर तीच लांबी साधारण ५८५ मिलिमीटर होते. आता बॅरल १ मिलिमीटर ओढा. उघडा जी सुमारे ७ सेंट उतरतो, खालचा ई जेमतेम ३ सेंट. (काळी पाचपासून पांढरी सातपर्यंतचं अंतर १०० सेंटचं, हे लक्षात घेतलं की अंदाज येईल.) एक मिलिमीटरला हा फरक चालून जातो. चार मिलिमीटर ओढल्यावर जी २८ सेंट खाली आलेला असतो आणि ई फक्त १२. मग कितीही चांगला वाजवणारा असो, ओठांनी ते झाकताना त्याचा दम निघतो. शिवाय बॅरल आणि वरच्या जॉइंटच्या (नळीच्या दोन तुकड्यांपैकी वरच्याच्या) मध्ये जी खाच उघडी पडते ती जी, ए, बी फ्लॅट या मधल्या सुरांना आणखी खाली खेचते.

४४० आणि ४४२ मधला फरक जवळजवळ ८ सेंटचा. थंड, वातानुकूलित सभागृहात एवढा फरक एक मिलिमीटरच्या आसपास बॅरल ओढून भागतो, म्हणून दुकानदार ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. पॅरिसमध्ये ते खरंही असेल. आपल्याकडे नाही, कारण आपल्याकडे उन्हाळा आहे.

हवा तापली की तिच्यातून आवाज वेगानं जातो. नळीतली हवा दर अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट सूर चढवते. वाजवताना नळीत आपला श्वास असतो, तो माउथपीसपाशी गरम आणि बेलकडे (खालच्या भोंग्याकडे) जाताना खोलीच्या तापमानाकडे येत गेलेला. त्यामुळे खोली १० अंशांनी तापली तर प्रत्यक्ष चढ पूर्ण ३० सेंटचा न होता १५ ते २० सेंटचा होतो. हार्मोनियमच्या पितळी सुरांवर उष्म्याचा परिणाम जवळजवळ नाही, झालाच तर सूर किंचित उतरतो. कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा तर जागचे हलत नाहीत. म्हणजे २२ अंशांना सुरात असलेली ४४२ ची क्लॅरिनेट एप्रिलमध्ये ३२ अंशांच्या खोलीत ४४० च्या कीबोर्डासमोर धरली तर मूळचे ८ आणि उष्म्याचे १५-२० मिळून २५ सेंटच्या आसपास वर असते. तेवढं उतरवायला उघड्या जीसाठी साडेतीन मिलिमीटर पुरतात, खालच्या ईसाठी आठ-नऊ लागतात. हा तिढा कुठल्याच बॅरलनं सुटत नाही. ४४० ची क्लॅरिनेट याच खोलीत १५-२० सेंटच वर असते. ६६ चं बॅरल आणि दोन जॉइंटच्या मधल्या जोडावर थोडी ओढ, एवढ्यावर ती खाली येते. भर दुपारच्या वरातीत ४० अंशांना मात्र कुठलीही क्लॅरिनेट कीबोर्डाला पुरी पडत नाही. तिथे कीबोर्डाचाच सूर वर घ्यावा. बहुतेक कीबोर्डांत ती सोय असते.

तापमानाचा हा मुद्दा नवा नाही. फ्रान्सनं १८५९ मध्ये कायद्यानं ए चा सूर ४३५ ठरवला तो १५ अंश तापमानाला. १८९६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीनं तोच सूर तापलेल्या सभागृहात किती होईल याचा हिशोब केला आणि ४३९ स्वीकारला. पुढे १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० वर एकमत झालं आणि १९५५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं. आर-१३ बाजारात आली तीही १९५५ मध्येच. त्यानंतर युरोपातल्या ऑर्केस्ट्रा हळूहळू वर सरकल्या, आज तिथे ४४२-४४३ सर्रास आहे. अमेरिकेत ४४० धरून ठेवणारे बरेच. कारखान्याला दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची असतात, म्हणून एकाच मॉडेलचे हे दोन आकडे. ४४० सोबत सहसा ६५ आणि ६६ मिलिमीटरची दोन बॅरलं मिळतात, ४४२ सोबतची त्याहून आखूड. बॅरलवर लांबीचा आकडा कोरलेला असतो. जुनी क्लॅरिनेट घेताना तो वाचाच, कारण दोन-तीन हात फिरलेल्या वाद्यावर मूळचं बॅरल असेलच असं नाही.

आता खुद्द वाद्याबद्दल. आर-१३ चं नाव झालं ते बुफेच्या रोबेर कारे यांनी आखलेल्या नळीमुळे. तोवर बहुतेक क्लॅरिनेटची नळी बहुतांश एकसारख्या व्यासाची, सरळ. कारे यांनी वरच्या जॉइंटमध्ये थोड्या थोड्या फरकाचे व्यास एकाखाली एक बसवले. याची गरज क्लॅरिनेटच्या स्वभावातच आहे. बासरी जोरात फुंकली की सूर सप्तकानं वर जातो. क्लॅरिनेट रजिस्टर की (डाव्या अंगठ्याची, वरच्या पट्ट्यात नेणारी) दाबल्यावर सप्तक आणि वर एक पंचम एवढी उडी घेते. ती की मात्र एकच, तिचं छिद्र एकाच जागी, आणि ती जागा सगळ्या सुरांना सोयीची असू शकत नाही. भरीला त्याच छिद्रातून मधला बी फ्लॅटही काढायचा असतो. परिणामी खालचा सूर आणि त्याच बोटांनी येणारा वरचा सूर यांचं अंतर कुठे ताणलं जातं, कुठे आखडतं. पायऱ्यापायऱ्यांच्या नळीनं हे अंतर आर-१३ मध्ये पुष्कळ सरळ झालं. पूर्ण नाही. सगळ्यात खालचे ई आणि एफ थोडे उतरलेले, त्यांच्यावरचे बी आणि सी त्या मानानं चढे, हे तिच्यात आजही सापडतं. बुफेच्याच महागड्या तोस्का या मॉडेलवर खालच्या एफसाठी वेगळी की बसवलेली असते. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटत नाही, कारण आपल्या गाण्याबजावण्यात तो सूर कितीदा लागतो? मधला बी फ्लॅट मात्र सतत लागतो, आणि आर-१३ वर तो इतर सुरांपेक्षा झाकोळलेला वाटतो. उजव्या हाताची दोन-तीन बोटं खालच्या छिद्रांवर ठेवून तो वाजवला तर भरतो आणि चढा असेल तर दोन-चार सेंट खालीही येतो. कोणती बोटं, ते प्रत्येक वाद्यावर शोधावं लागतं.

जुन्या आर-१३ चांगल्या की नव्या, यावर वादकांत कायमची दुफळी आहे. १९६० च्या दशकातल्या क्लॅरिनेट लोक शोधून शोधून घेतात. त्या काळी छिद्रांच्या आतल्या कडा हातानं तासून सूर बसवला जाई. चांगल्या हाताखालून गेलेली क्लॅरिनेट खरंच देखणी बोलते, पण त्याचमुळे एकाच वर्षाच्या दोन क्लॅरिनेट सुरात सारख्या निघत नसत. आता छिद्रं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी पाडली जातात. जागा अचूक येते आणि दहा क्लॅरिनेट समोर ठेवल्या तर त्यांच्यातला फरक पूर्वीपेक्षा कमी दिसतो. सुराच्या बाबतीत माझा कौल नव्याच्या बाजूनं आहे. लाकडाच्या बाबतीत तसं म्हणवत नाही. आफ्रिकन ब्लॅकवूडचं झाड वापरण्याजोगं व्हायला कित्येक दशकं जातात आणि टांझानिया, मोझांबिकमधला साठा आटत चाललाय. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं. २०१७ मध्ये या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. नैसर्गिक ब्लॅकवूड गडद तपकिरी असतं, काळंकुळकुळीत दिसतं ते बहुधा रंगवल्यामुळे. तेव्हा काळेपणावरून दर्जा ठरवू नका. उजेडात धरून लाकडाच्या रेषा नळीला समांतर सरळ जातात का ते बघा, विशेषतः वरच्या जॉइंटवर.

नव्या क्लॅरिनेटवर हमखास एक काम निघतं : पॅड, म्हणजे किल्लीखालची छिद्र झाकणारी गादी. कारखान्यातून निघताना नीट बसलेलं पॅड जहाजाच्या प्रवासात आणि आपल्या दमट हवेत हलतं. वरचा जॉइंट हातात घ्या, छिद्रं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळहातानं दाबा आणि वरून हवा ओढून घ्या. ओढणं थांबवल्यावर आतली ओढ तीन-चार सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे. गळक्या क्लॅरिनेटचा सूर तपासण्यात अर्थ नाही, कारण गळतीच्या खालचे सगळे सूर बिघडलेले दिसतात आणि माणूस उगाच बॅरलला दोष देतो.

सूर तपासायची पद्धत अशी. आधी दहा-पंधरा मिनिटं वाजवून क्लॅरिनेट गरम करा. गार क्लॅरिनेटवर घेतलेला आकडा फुकट. मोबाइलवरचा ट्यूनर ४४० वर आहे का बघा, काही ॲप ४४२ वर सुरू होतात. मग डोळे मिटून सूर लावा, स्थिर झाला की डोळे उघडून आकडा वाचा. काटा बघत बघत वाजवलं तर ओठ आपसूक सूर जुळवतात आणि वाद्याचा दोष लपतो. पहिला सूर उघडा जी. तो बॅरलनं शून्यावर आणा. मग डाव्या हाताची तिन्ही बोटं आणि अंगठा ठेवून सी, म्हणजे काळी पाच. हा चढा असेल तर बॅरलला हात न लावता दोन जॉइंटच्या मधली जोड ओढा. तिथे एक मिलिमीटर ओढल्यावर हा सी चार-पाच सेंट उतरतो आणि उघडा जी जागेवर राहतो. एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, दोन्ही जॉइंटना जोडणारी पुलाची की मग नीट दाबली जात नाही. शेवटी सगळी बोटं आणि रजिस्टर की लावून येणारा लांब बी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी सहा. तो चढा असेल तर बेल थोडी ओढा. एवढं केल्यावर पुन्हा उघड्या जीवर या. या तीन सुरांत दहा सेंटच्या आत फरक राहिला तर क्लॅरिनेट घेण्यासारखी आहे. पंधरा-वीस दिसला तर दुसरी मागा.

बॅरल दीड मिलिमीटरहून जास्त ओढावं लागत असेल तर ओढत बसू नका, लांब बॅरल लावा. ते जवळ नसेल तर खाच भरायला प्लॅस्टिकच्या ट्यूनिंग रिंगा मिळतात, अर्धा मिलिमीटर जाडीपासून. दीड-दोन मिलिमीटरची एक रिंग खिशात असावीच. बॅरलची लांबी तेवढीच ठेवून आतली घडण बदलूनही सूर सुधारतो : फिलाडेल्फियाचे कारागीर हान्स मोएनिग वरून रुंद आणि खाली निमुळतं होत जाणारं बॅरल आर-१३ ला लावत, आणि त्यांच्या नावाचं बॅरल बुफे आजही विकते. वरच्या आणि खालच्या पट्ट्यातलं अंतर त्यानं आणखी जुळतं. साध्या ६६ च्या बॅरलनं भागत नसेल तरच त्याकडे वळावं.

माउथपीसलाही स्वतःचा सूर असतो, हे फार थोडे दुकानदार सांगतात. व्हँडोरेन कंपनीच्या बी-४५, ५ आरव्ही लायर, एम-३० या माउथपीसांची नेहमीची रूपं ४४२ धरून बनवलेली असतात; त्याच कंपनीची ‘१३ सिरीज’ ४४० साठी आहे आणि तिच्यावर सूर थोडा खाली बसतो. ४४० ची आर-१३ घेऊन तिच्यावर ४४२ चं बी-४५ चढवलं तर निम्मा फायदा गेला. आपल्याकडे बी-४५ सगळीकडे दिसतं, म्हणून मुद्दाम सांगायला हवं. रीडही (माउथपीसवरची वेताची पट्टी) यात आहेच : फार मऊ रीडवर वरचे सूर लोंबतात, फार कडक रीडवर ओठ आवळले जातात आणि सगळंच चढतं.

मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात, बंद पडलेल्या बँडच्या सामानात सुंदर जुन्या इंग्लिश क्लॅरिनेट निघतात. स्वस्त असतात, लाकूड उत्तम असतं. घेण्याआधी जॉइंटवर एच. पी. अशी अक्षरं आहेत का ते भिंगानं बघा. एच. पी. म्हणजे हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ए साधारण ४५२ धरून वाजवत, त्यांची वाद्यं त्याच सुराची, आणि ती इथल्या पलटणींबरोबर आली. अशा क्लॅरिनेटची काळी पाच आजच्या काळी पाच आणि पांढरी सातच्या जवळजवळ मधोमध पडते. अक्षरं झिजली असतील तर पट्टी लावा : माउथपीस सोडून बाकी क्लॅरिनेट जोडल्यावर आजच्या सुराची बी फ्लॅट साधारण ५९-६० सेंटिमीटर भरते, हाय पिचची दीडेक सेंटिमीटर आखूड. लांब बॅरल करून ती खाली आणता येईल असं सांगणारे भेटतात. नाही येत. उघड्या जीला ७ मिलिमीटर हवेत, खालच्या ईला १६. एकाच बॅरलमध्ये दोन्ही कसे बसणार? भिंतीवर लावायला घ्या, कीबोर्डाशेजारी बसून वाजवायला नको.

राहिलं हवामान. नव्या लाकडी क्लॅरिनेटला पहिला महिना दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये, आणि वाजवून झाल्यावर लगेच फडकं फिरवावं. आतून ओलं-गरम आणि बाहेरून एसीचं कोरडं-गार, असा ताण पडला की चीर जाते, आणि ती बहुधा वरच्या जॉइंटच्या माथ्याकडे, ट्रिल किल्ल्यांच्या छिद्रांजवळ. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात लाकूड आक्रसून कड्या सैल होतात. पेटीत आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील अशी पुडी ठेवावी. कोकणात आणि गोव्यात उलट : पावसाळ्यात टेनन (एका तुकड्याचं दुसऱ्यात बसणारं टोक) फुगतो आणि बॅरल अडकून बसतं. जोर करून पिळू नये, दिवसभर कोरड्या खोलीत ठेवली की सुटतं. दरवर्षी अडकत असेल तर कारागिराकडून टेनन अगदी हलका तासून घ्यावा, पण पावसाळा संपल्यावर.

हा सगळा जाच नको असेल तर आर-१३ चीच ग्रीनलाइन आवृत्ती आहे, ब्लॅकवूडचा भुगा आणि कार्बन फायबर राळेत दाबून केलेली. तिला चीर जात नाही, फुगत नाही, नळीची घडण लाकडी आर-१३ चीच. तिची कच्ची बाजू टेननची : पडली किंवा आडवा ताण बसला की तो कडाडून तुटतो, आणि लाकडाच्या चिरेसारखी त्याची डागडुजी सोपी नसते. किनारपट्टीवर राहणाऱ्याला आणि वाद्य जपून हाताळणाऱ्याला मी तिचाच विचार करायला सांगेन. वरातीत, मिरवणुकीत, पावसापाण्यात वाजवायला मात्र आर-१३ ची कुठलीच आवृत्ती बाहेर काढू नये. तिथे यामाहाची वायसीएल-२५५ सारखी प्लॅस्टिकची क्लॅरिनेट पुरते. तिला ६५ चं बॅरल येतं, तेव्हा उन्हाळ्यासाठी एक ट्यूनिंग रिंग तिच्याही पेटीत टाकून ठेवा.